डाव्या कापाची निब

त्या गुरुवारी दुपारी मिस पिनफोल्ड यांनी विल्फ्रेड गार्बेट यांच्या दुकानात आपले पेन डाव्या हातात घेतले, आणि तेथे असलेल्या आम्हा तिघांची वाचा गेली. ब्रिजनॉर्थच्या वरच्या गावातील चर्चचा मनोरा क्षणभर खाली उतरून, सेव्हर्न नदीत पाय बुडवून परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला असता, तरी आम्ही इतके स्तंभित झालो नसतो. या बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना लिहायला शिकवले होते, आणि त्या दोन पिढ्यांत डाव्या हाताने लिहिणारा एकही मनुष्य उरू दिला नव्हता.

विल्फ्रेड गार्बेट हे निबा घासणारे. बर्मिंगहॅमच्या एका पेनच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. कारखाना बंद पडल्यावर पत्नी एनिड हिच्या माहेरी, खालच्या गावात, पुलापाशी त्यांनी एका खिडकीचे दुकान थाटले. त्या वर्षांत इंग्लंडात इटॅलिक अक्षराची मोठी हौस पसरली होती. उतरती रेघ जाड, चढती रेघ केसासारखी बारीक, आणि साऱ्या ओळीला पुढे निघालेल्या माणसाचा किंचित कल, असे ते अक्षर. पाद्री, शाळामास्तर, परिचारिका, निवृत्त नौसैनिक, सगळेच त्याच्या नादी लागले होते. सोन्याच्या साध्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक सूक्ष्म मणी असतो; तो कोणत्याही दिशेला सारखीच रेघ ओढतो. त्या मण्याला तेलाच्या दगडावर घासून पटाशीसारखी कड आणली, तरच अक्षराला जाड-बारीक रूप येते. एकदा घासलेला धातू पुन्हा लावता येत नाही. म्हणून गार्बेट निब दगडाला टेकवण्यापूर्वी एकदा हात मागे घेत, क्षणभर थांबत, आणि मगच पहिल्यांदा घासत. संध्येला बसणाऱ्याने आचमनापूर्वी थांबावे, तसे ते थांबणे मला वाटे.

मी प्रथम त्यांच्याकडे गेलो तो देवनागरीसाठी. आपल्या बोरूचा काप त्यांच्या नेहमीच्या कापाच्या उलट अंगाला उतरतो. मी आकृती काढून दिली, तेव्हा ते बराच वेळ ती पाहत राहिले.

"प्रोफेसर, असा काप मागणारे तुम्ही पहिलेच. गावातल्या कुणी मागितला असता तर मी त्याला आधी डॉक्टरकडे धाडलं असतं."

तेव्हापासून बर्मिंगहॅमला शिकवायचे नसेल त्या गुरुवारी मी त्यांच्या स्टुलावर जाऊन बसू लागलो, आणि ती सवय पुढे कित्येक वर्षे टिकली. त्यांचे एक वैचित्र्य हळूहळू ध्यानात आले. दगड, चिमटा, भिंग, चहाचा पेला, सारे त्यांच्या डाव्या हातात असे. केवळ लेखणी नसे. निबेची परीक्षा घेण्यापुरत्या दोन-चार रेघा ते उजव्या हाताने ओढत. पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावे एनिड घालीत असे. सही करण्याचा प्रसंग आला की उजवा हात नाइलाजाने पुढे येई, आणि कुंपणावरून पडलेल्या माणसासारखी ती सही कागदावर पडे.

"अख्ख्या परगण्याचं अक्षर सुधारतो हा," एनिड म्हणे, "आणि स्वतःचं नाव लिहिलं की पोस्टमन मला विचारतो, काय हो, घरात कोंबड्या पाळल्यात का?"

याचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि तेही हसत. वयाच्या सातव्या वर्षी ते याच गावात मिस पिनफोल्ड यांच्या वर्गात होते. जी मुले डाव्या हाताने लिहू जात, त्यांच्या त्या हातावर बाई गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची एक थैली चढवीत आणि मनगटाशी नाडी आवळीत. शाळा सुटेपर्यंत ती निघत नसे.

"हिवाळ्यात बरं असायचं," ते म्हणाले. "एक हात तरी गरम राहायचा."

"राग नाही आला कधी?"

"बाईंचा? छे. हात उलटा पडला होता माझा, तो त्यांनी सुलटा केला. अक्षर नाही आलं, तो दोष माझा. बाई स्वतः किती सुंदर लिहितात, बघितलंय ना तुम्ही?"

मी पाहिले होते. परगण्याच्या हस्ताक्षर मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी मिस पिनफोल्ड यांची दोन-तीन पाने लागत, आणि वाऱ्यात एका अंगाने झुकलेल्या जवसाच्या शेताप्रमाणे ती अक्षरे पाहणाऱ्याचे डोळे निववीत. ती पाने त्या घरी लिहीत. वर्गात फळ्यावर खडूने त्या उजव्या हाताने लिहीत; ते अक्षर नीट, सरळ आणि निर्जीव असे. या दोहोंतील अंतराचे कारण कोणी विचारले नाही. खडू तो खडू आणि शाई ती शाई, असे म्हणून आम्ही सारे मोकळे झालो होतो. परंतु त्या एका हाताच्या पुण्याईवर गार्बेट यांनी आपले अवघे आयुष्य मांडले होते. आपला डावा हात अपराधी होता आणि बाईंचा उजवा हात निर्दोष, या श्रद्धेपोटी त्यांनी पन्नास वर्षे त्या हाताला लेखणी शिवू दिली नव्हती.

त्या वर्षी बाई ऐंशी पार करून गेल्या होत्या. मंडळाने त्यांना विनंती केली, की यंदा पाने धाडू नका. प्रदर्शनाच्या शनिवारी सभागृहात सर्वांच्या समोर बसून लिहा. त्या विनंतीनंतर, वर सांगितलेल्या दुपारच्या आधीच्या गुरुवारी, त्या कड्यावरच्या दोराच्या गाडीने खालच्या गावात उतरल्या आणि दुकानात आल्या. पाठ ताठ, टोपीला लावलेली पिन तिच्याहून ताठ.

"गार्बेट, कड गेली या निबेची. नव्याने काप."

"सरळ, बाई?"

"डावा तिरका. धातू फार नाही उरलेला, जपून. पुढच्या आठवड्यात शनिवारी मला याच पेनाने लिहायचंय. दुसऱ्याने माझं अक्षर येत नाही."

त्या गेल्या, आणि या 'डावा' शब्दाने पुढचा घात केला. तिरक्या कापाच्या निबेला डावी म्हणावे की उजवी, याविषयी त्या धंद्यात एकमत नाही. जाणते लोक निबेचे टोक आपल्यापासून दूर करून तिच्याकडे पाहतात. हौशी मंडळी टोक स्वतःकडे करून पाहतात. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. आपल्याकडे 'सव्य' शब्दाची हीच गत झालेली आहे. मूळ संस्कृतात सव्य म्हणजे डावा. आपण व्यवहारात सव्य म्हणजे उजवा मानतो, आणि सव्यापसव्य करताना कोणता खांदा कोणता, याचा विचार भटजींवर सोपवतो.

गार्बेट यांनी भिंग डोळ्याला लावले, आणि बराच वेळ ते काढले नाही. मग ते माझ्यापुढे धरले.

"प्रोफेसर, बघा जरा. झीज कुठल्या अंगाला दिसते?"

मला काही कळले नाही, हे मी मान्य केले.

"लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे मणी झिजतो. चपलेची टाच झिजते ना, तसा. ही उलट्या अंगाने झिजलीय. म्हणजे पेन जुन्या बाजारातलं असणार. आधी कुणा डावखुऱ्याच्या हातात होतं."

"नाहीतर बाईच डावखुऱ्या असतील," एनिड चहा ओतता ओतता म्हणाली.

यावर आम्ही तिघेही मनसोक्त हसलो. एनिडला हसू आवरेना, चहा बशीत सांडला.

मग गार्बेट यांनी विचार केला, आणि तो त्यांच्या परीने अगदी सुसंगत होता. बाई उजव्या हाताच्या. वयोमानाने त्यांचा हात आता कागदावर आडवा पडत असणार. तशा हाताला हवा असतो तो काप जाणत्यांच्या भाषेत उजवा. अर्थात बाई हौशी लोकांप्रमाणे टोक आपल्याकडे करून बोलल्या. त्यांनी बाईंचा शब्द मनातल्या मनात दुरुस्त केला आणि निब दगडाजवळ नेली. त्या दिवशी त्यांनी हात एकदा नव्हे, दोनदा मागे घेतला, हे मला अजून आठवते. निब काय सांगत होती ते त्यांच्या बोटांना उमगले होते. त्यांच्या श्रद्धेने ते ऐकू दिले नाही.

आणि आता पुढच्या गुरुवारी बाईंनी ते पेन डाव्या हातात धरले होते. त्यात चाचपडणे नव्हते, नवखेपण नव्हते. वयाने वाकलेली ती बोटे पेनाभोवती अशी मिटली, जसे पाखरू आपल्या घरट्यात शिरते. त्यांनी रेघ ओढली. कागदावर मांजराने नखे ओढावीत तसा आवाज झाला आणि शाईचा शिंतोडा उडाला.

बाईंनी निब उजेडात धरली.

"गार्बेट, हे काय करून ठेवलंस?"

गार्बेट निबेकडे पाहत नव्हते. ते त्या हाताकडे पाहत होते.

"बाई, तुम्ही डाव्या हातात…"

"डाव्या हातासाठी मागितली, डाव्या हातात धरली. त्यात एवढं डोळे फाडण्यासारखं काय आहे?"

"मला वाटलं, तुम्ही टोक आपल्याकडे करून बोलताय."

"मी कधी माझ्याकडे टोक करून बोलले?"

"टोक नेहमी आमच्याकडेच असायचं, बाई," एनिड पुटपुटली. तिच्या हातातली केकची बशी तशीच अधांतरी राहिली होती.

"उलटा कापलाय हा," बाई म्हणाल्या. "हा या प्रोफेसरांच्या लिपीला चालेल. मला नाही."

"कधीपासून, बाई?" गार्बेट यांनी विचारले. त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"काय कधीपासून?"

"डावा."

बाईंनी पेन खाली ठेवले. हातमोजे एकावर एक नीट ठेवले.

"जन्मल्यापासून. तुझ्यासारखाच."

बाहेर पुलावरून एक मालमोटार खडखडत गेली.

"मग ती थैली?" गार्बेट म्हणाले.

"तुझ्या हाताला होती ती? ती माझीच. माझ्या आईने शिवली होती, आमच्याच गादीच्या कापडाची. बाकीच्या मी तिच्यावरून बेतल्या. तुझा पंजा लहान होता, दुसरी बसेना. म्हणून तुला मूळची आली."

हे त्यांनी अशा स्वरात सांगितले, जणू शाळेच्या कपाटातील एखादी वस्तू कोठून आली याची माहिती देत असाव्यात. मी आयुष्यभर ग्रंथांत क्रौर्याची आणि करुणेची लक्षणे वाचीत आलो आहे. ती दोन्ही एकाच चिंधीच्या थैलीत शिवलेली असू शकतात, हे मला कोणत्याही टीकाकाराने सांगितले नव्हते. एनिड खुर्चीवर बसली. तिला कोणी बस म्हटले नव्हते.

"का पण, बाई?"

"कारण त्या थैलीने मला नोकरी दिली. डाव्या हाताने फळ्यावर लिहिणारी बाई त्या काळी कुणी ठेवली नसती. मला वाटलं, मी तरले, तुम्हीही तराल."

"आणि घरी?"

"घरी पडदा ओढायचा आणि थैली काढायची. मी तसंच केलं." त्यांनी हातमोजे पुन्हा सारखे केले. "तुम्हा मुलांना ते सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं," गार्बेट म्हणाले.

"हो. म्हणून तर शनिवारी सगळ्यांसमोर लिहिणार आहे. डाव्याने. आणि तू माझी निब उलटी कापून बसलास."

गार्बेट यांनी दगड बाजूला सरकवला. ते बाईंना दुकानाबाहेर जायला सांगतील, असे मला वाटले. एनिडलाही वाटले असावे, कारण तिने दाराकडे पाहिले. परंतु त्यांनी भिंग उचलले आणि डोळ्याला लावले.

"दुसरा काप बसेल. पण धातूचा पापुद्रा तेवढा उरेल. फार टिकणार नाही."

"मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. आम्हा दोघींत आधी कोण झिजतं ते बघू."

त्यांनी निब दगडाला लावली. यावेळी हात मागे घेतला नाही. काप उतरला, तेव्हा बाईंनी पेन घेऊन रेघ ओढली.

"अडतंय."

"कुठे, बाई?"

"मला काय ठाऊक कुठे? वर जाताना अडतंय."

त्यांनी निब अगदी हलकेच एकदा घासली. बाईंनी पुन्हा रेघ ओढली. पुन्हा अडले. गार्बेट यांनी निब भिंगाखाली धरली आणि मान हलवली.

"आता अंदाजाने नाही चालणार. एकदा जरी जास्त घासलं गेलं तर खाली नुसतं सोनं राहील, आणि सोनं काही लिहीत नाही. अडखळ माझ्या बोटांना लागली पाहिजे. दुसऱ्याच्या हातातली मला कळत नाही."

त्यांनी सवयीने पेन उजव्या हातात घेऊन रेघ ओढली. त्या कापाची निब उजव्या हातात काहीच सांगेना. ती नुसती कोरडी घसरली.

"मग डाव्यात धर," बाई म्हणाल्या.

अठ्ठावन्न वर्षांच्या त्या मनुष्याने मान वर केली आणि आपल्या बाईंकडे पाहिले. त्या दृष्टीत काय होते, हे मी सांगू धजत नाही. तो राग असता तर मला बरे वाटले असते. ती परवानगीची वाट पाहणारी दृष्टी होती.

"धर," बाई म्हणाल्या, आणि यावेळी त्यांचा आवाज खाली आला होता.

जो हात दिवसभर केसाएवढ्या धातूवर निःशंक चाले, तो पेन घेताच परका झाला. बोटे कोठे ठेवावीत हेच त्याला कळेना. मग त्यांनी कागदावर टोक टेकवले आणि सावकाश लिहिले: विल्फ्रेड.

आम्ही तिघे त्या कागदावर वाकलो, आणि दुपारचा सर्वांत मोठा धक्का तेथे आमची वाट पाहत होता. ते उजव्या हाताचे पडके अक्षर नव्हते. ती गोल, मोठी, घट्ट दाबून काढलेली अक्षरे होती; प्रत्येकाची शेपटी दोन रेघांच्या मध्ये राहावी म्हणून जपलेली. सात वर्षांच्या मुलाचे अक्षर. तो हात जेथे थांबवला गेला होता, तेथेच उभा राहिला होता. त्याचे वय वाढलेच नव्हते.

बाईंनी चष्मा काढला. सवयीने त्यांचे बोट एका अक्षराच्या पाठीशी गेले, जेथे वर्गात त्यांनी चूक दाखवली असती. ते बोट तेथेच राहिले.

"मी तुला इथपर्यंतच येऊ दिलं होतं," त्या म्हणाल्या.

गार्बेट यांनी निब भिंगाखाली घेतली. ते निबेशी बोलल्यासारखे म्हणाले, "कळलं. टाचेपाशी, कडेच्या खालच्या कोपऱ्याला अडतंय." त्यांनी बारीक पॉलिश कागदावर निबेची टाच फिरवली, दोनदाच, आणि पेन पुढे केले. बाईंनी ओळ लिहिली. पुन्हा जवसाच्या शेतातून वारा गेला.

शनिवारी सभागृह भरले होते. मंडळाच्या अध्यक्षांनी प्रस्तावना केली, मिस पिनफोल्ड टेबलाशी बसल्या, आणि त्यांनी पेन डाव्या हातात घेतले. प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही. मग मधल्या रांगेतील एक खुर्ची सरकली. निवृत्त स्टेशनमास्तरांनी आपला डावा हात कोटाच्या खिशातून काढला आणि उलटा करून पाहिला. त्यांच्या मागे बसलेल्या एका पिकल्या केसांच्या स्त्रीने आपला डावा हात उजव्या हाताखाली झाकला. असे किती जण त्या सभेत होते, ते मला तेव्हा दिसले, आणि मग मी समोर पाहू लागलो.

बाईंनी प्रार्थना लिहायची होती, तसे पत्रकात छापले होते. त्यांनी एकच ओळ लिहिली: हे मी डाव्या हाताने लिहिले आहे, आणि आजवर येथे मांडलेले सर्व काही त्याच हाताने लिहिले. कागद उभा करून त्यांनी तो सर्वांना दाखवला. टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी उठून निघून गेले, दार जोरात लागले. बाईंनी त्या दाराकडे पाहून मान किंचित लववली, जणू तो अभिप्राय त्यांना अपेक्षित होता.

सभा उठल्यावर त्या गार्बेट दांपत्यापाशी आल्या. त्यांनी पर्स उघडून एक पट्ट्यापट्ट्यांची, धुऊन धुऊन विटलेली लहानशी थैली बाहेर काढली. नाडी अजून शाबूत होती.

"ही तुझ्याकडे असावी."

गार्बेट यांनी थैलीकडे पाहिले. स्पर्श केला नाही.

"नको, बाई. ती तुमची आहे. तुमच्याकडेच राहू द्या."

एनिडने नवऱ्याचा दंड धरला. बाईंनी थैली परत ठेवली. पर्सची कडी लावायला त्यांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. त्या उजव्या हाताने लावीत होत्या. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि दाराकडे वळल्या.

"बाई," गार्बेट मागून म्हणाले. "निब झिजली की घेऊन या."

"तूच म्हणालास, धातू उरला नाही."

"नवी बसवू. कशी कापायची ते आता विचारायला नको."

त्या गेल्या. पुढच्या गुरुवारी मी दुकानात गेलो, तेव्हा माझ्यासाठी घासून ठेवलेल्या निबेचे पाकीट टेबलावर होते. त्यावर माझे नाव मोठ्या, गोल अक्षरांत होते, आणि एक अक्षर उलटे पडले होते.

"यापुढे नावं हाच घालणार म्हणतो," एनिड म्हणाली. "लोक विचारतायत, नातू आलाय का राहायला."

गार्बेट दगडावर तेल घालीत होते. त्यांनी मान वर केली नाही.